विश्लेषण : कराटेच्या 'सरां'वर ऑनलाइन टीका... खरे काय, खोटे काय, कसे तपासायचे?

मुलीला कराटेला घालायचे ठरते. सिडको, गारखेडा, उल्कानगरी, बजाजनगर, कुठेही राहा, घरापासून दोन किलोमीटरच्या आत एखादा तरी क्लास सापडतो. फलकावर पांढऱ्या पोशाखातले सर, कमरेला काळा पट्टा, खाली 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक' आणि 'पाचवा डॅन'. मग आई-बाबा मोबाइलवर त्यांचे नाव टाकतात. रेटिंग साडेचार तारे. पण खाली सरकले की कुणी लिहिलेले असते, 'बोगस सर्टिफिकेट, पैसे वाया'. आणखी खाली, 'या माणसापासून मुलींना दूर ठेवा'. तपशील काहीच नाही.

आता करायचे काय? बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. 'लोक काहीही लिहितात' म्हणून फी भरली जाते, नाहीतर एका ओळीवर विश्वास ठेवून क्लास रद्द होतो आणि ती ओळ सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड होते. पहिल्यात मुलाची सुरक्षितता पणाला लागते, दुसऱ्यात कदाचित वीस वर्षे प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या माणसाची भाकरी. तपासायला मात्र फार तर एक आठवडा लागतो.

साडेचार तारे म्हणजे काय?

आधी थोडे गणित. ४० जणांनी पाच तारे दिले आणि सहा जणांनी एक, तर सरासरी ४.४८ येते आणि पडद्यावर साडेचार दिसते. म्हणजे सहा घरांची तक्रार त्या आकड्यात दिसेनाशी होते. म्हणून सरासरी सोडा, रिव्ह्यू 'नवीन आधी' आणि 'कमी रेटिंग आधी' अशा दोन्ही क्रमांनी वाचा.

तारखा पाहा. एकाच आठवड्यात दहा-बारा कौतुके आली असतील, तर बहुधा वर्गात 'घरी जाऊन पाच स्टार द्या' असे सांगितले गेले आहे. त्यात गुन्हा नाही, पण ते मतही नाही. एकाच आठवड्यात दहा-बारा शिव्या आल्या असतील तर तोच संशय उलट बाजूने घ्यावा. या क्षेत्रात कालचा सहायक आज दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढतो आणि अर्धे विद्यार्थी घेऊन जातो. पुढचे भांडण अनेकदा रिव्ह्यूमध्ये चालते. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली की त्याने आणखी कुठे काय लिहिले ते दिसते. ज्याने तीन वेगळ्या शहरांतल्या कराटे क्लासना एकाच दिवशी एक तारा दिला, तो पालक नसतो.

ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक आणले, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे चाळणी वाचणाऱ्यानेच लावायची.

आणि सर उत्तर कसे देतात तेही वाचा. 'फी परत केली आहे, कार्यालयात या' हे एक उत्तर. 'तुला कोर्टात खेचतो' हे दुसरे. वर्गात चूक करणाऱ्या मुलाशी हे सर कसे बोलत असतील, याचा अंदाज इथे फुकट मिळतो.

'बोगस सर्टिफिकेट' या आरोपात तथ्य कसे शोधायचे?

सर्वांत जास्त टीका याच मुद्द्यावर होते आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच आहे.

काळा पट्टा ही हजारो वर्षांची परंपरा नाही. जपानमध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात 'डॅन' ही श्रेणी सुरू केली आणि कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ मध्ये दिले. म्हणजे पद्धत जेमतेम शंभर वर्षांची. त्यातही शोटोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशा शैली वेगळ्या, त्यांच्या संघटना वेगळ्या. सगळ्या कराटेला लागू होणारा डॅन देणारी एकच संस्था जगात नाही. त्यामुळे 'पाचवा डॅन' हे वाक्य अर्धेच आहे. कोणत्या शैलीत, कोणत्या संस्थेचा, कोणत्या वर्षी, परीक्षक कोण, हे चार तपशील जोडले की ते पूर्ण होते. खरा पट्टा असलेला माणूस हे विचारले की खुलतो, बहुधा गुरूंची गोष्ट सांगत बसतो आणि उशीर होतो.

तायक्वांदोत काम सोपे आहे. सोलमधील 'कुक्कीवॉन' या संस्थेचे डॅन प्रमाणपत्र जगभर मानले जाते आणि त्यावरील तपशिलावरून ते ऑनलाइन पडताळता येते. १५ वर्षांखालील मुलांना डॅन नव्हे, 'पूम' मिळतो. त्यामुळे 'आमच्याकडे नऊ वर्षांचा ब्लॅक बेल्ट सेकंड डॅन आहे' अशी जाहिरात तायक्वांदो क्लासने केली, तर तिथेच थांबून प्रश्न विचारावा.

आता भारतातील गुंता. 'सरांची फेडरेशन मान्यताप्राप्तच नाही' ही टिप्पणी खरी असू शकते आणि तरीही सर प्रामाणिक असू शकतात. कराटे असोसिएशन ऑफ इंडिया ही अनेक वर्षे देशातील अधिकृत संघटना होती. अंतर्गत भांडणांनंतर जागतिक कराटे महासंघाने २०१९ मध्ये तिच्यावर कारवाई केली आणि जानेवारी २०२० मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेनेही मान्यता काढली. पुढे कराटे इंडिया ऑर्गनायझेशन ही संस्था जागतिक महासंघाशी जोडली गेली. तायक्वांदोतही जुन्या फेडरेशनशी वाद होऊन 'इंडिया तायक्वांदो' ही संस्था पुढे आली. या उलथापालथीत जिल्ह्याजिल्ह्यांत दोन-दोन संघटना झाल्या आणि प्रत्येकीच्या लेखी दुसरी बोगस. २०१५ चे प्रमाणपत्र तेव्हाच्या अधिकृत संस्थेचे असेल तर आज ती संस्था बाहेर असल्याने ते खोटे ठरत नाही. आज मात्र मुलाला कोणत्या संस्थेच्या स्पर्धेत उतरवणार, हे विचारलेच पाहिजे, कारण शाळकरी मुलाच्या दृष्टीने फरक तिथे पडतो.

संस्थेच्या नावात 'इंटरनॅशनल' किंवा 'वर्ल्ड' असणे याला काहीच अर्थ नाही. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदणी झाली म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडे तपासता येतो. पण नोंदणी म्हणजे क्रीडा मान्यता नव्हे. ती केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त महासंघांच्या यादीत पाहावी लागते. कोणी 'एनआयएस कोच' म्हणवत असेल, तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेची प्रत मागा. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम वेगळा आणि पदविका वेगळी, हा फरक फलकावर दिसत नाही.

या शहराला कागदाचा अनुभव आहे

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला लेटरहेडवर किती विश्वास ठेवावा हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये वळवल्याचा गुन्हा कंत्राटी कर्मचाऱ्यावर दाखल झाला. पोलिसांच्या तपासानुसार सुरुवात झाली ती संकुलाच्या लेटरहेडवरून बँकेला गेलेल्या एका पत्राने आणि मूळ पत्त्याशी मिळत्याजुळत्या ईमेलने. त्याआधी राज्यभर ट्रॅम्पोलिन, टम्बलिंगसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे वापरून सरकारी नोकऱ्या मिळवल्याचे उघड झाले होते.

या कागदांना किंमत का आहे, तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून 'आमच्या स्पर्धेत मेडल घ्या, गुण नक्की' असे सर सांगत असतील, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक फेरी मारा. तो खेळ आणि ती स्पर्धा गुणांसाठी पात्र आहे का, एवढेच विचारायचे. या एका प्रश्नाने जेवढ्या कुटुंबांचे पैसे वाचतील, तेवढे शंभर रिव्ह्यू वाचूनही वाचणार नाहीत.

मोठ्या दाव्यांचे काय?

'कमांडोंना शिकवले', 'जागतिक विजेता' असे दावे भारतातच होतात असे नाही. १९८८ मध्ये 'ब्लडस्पोर्ट' हा चित्रपट ज्याच्या कथित आयुष्यावर बेतला, त्या फ्रँक डक्सने गुप्त जागतिक स्पर्धा जिंकल्याचा दावा केला होता. लॉस एंजेलिस टाइम्सने त्याच वर्षी शोध घेतला आणि त्या विजयाच्या चषकाची पावती स्थानिक दुकानाची असल्याचे छापले. डक्सने ते नाकारले. पत्रकाराने मात्र त्याच्याशी कुस्ती केली नव्हती, फक्त चषक कुठे बनला ते विचारले होते.

आपल्याकडे २०१६ मध्ये 'बागी' चित्रपटात गुरूची भूमिका करणारे शिफूजी शौर्य भारद्वाज यांच्या कमांडो प्रशिक्षक या ओळखीवर निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी सोशल मीडियावर प्रश्न उपस्थित केले. आपण सैन्यात नव्हतो, असे स्पष्टीकरण त्यांना द्यावे लागले. त्यांना मार्शल आर्ट येते की नाही हा मुद्दाच नव्हता. शिकवण्याचे कौशल्य आणि सांगितलेली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टीका नेमकी कशावर आहे ते आधी ओळखावे लागते.

टीका करणाऱ्यालाही किंमत मोजावी लागू शकते. चीनमध्ये शू श्याओदोंग या लढवय्याने २०१७ मध्ये एका ताई ची 'मास्टर'ला काही सेकंदांत हरवले आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी दुसऱ्या एका नामवंत मास्टरची बदनामी केल्याबद्दल न्यायालयाने त्याला माफी मागायला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य आणि सद्हेतूने मांडलेले मत याला त्यात अपवाद आहे. म्हणून पालकांनी लिहावे, जरूर लिहावे, पण 'तीन महिन्यांची फी घेतली, सहा वर्ग झाले, पावती मागितली तर दिली नाही' असे लिहावे. 'चोर आहे' असे नको. फीचे भांडण असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.

आणि ती दुसरी ओळ? 'मुलींना दूर ठेवा'

इथे नियम बदलतो. प्रमाणपत्राच्या आरोपावर आठवडाभर शोध घ्या, फीच्या आरोपावर पावती मागा. पण मुलांच्या सुरक्षिततेविषयी कुणी काही लिहिले असेल, तर सिद्ध होईपर्यंत मूल वर्गात पाठवत राहणे हा पर्याय नाही. प्रवेश थांबवण्यासाठी पुरावा लागत नाही. तो लागतो एखाद्याला दोषी म्हणण्यासाठी, आणि ते काम पालकांचे नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात चालियार नदीत एका १७ वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. तिच्या कराटे प्रशिक्षकाला पॉक्सो कायद्याखाली अटक झाली. मार्शल आर्टमध्ये शिक्षक अंगाला हात लावून पवित्रा दुरुस्त करतो, सर म्हणतील ते प्रश्न न विचारता करायचे अशी शिस्त असते, आणि मोठ्या परीक्षेआधी 'खास सराव' एकट्याने होतो. याच तीन गोष्टी चांगल्या शिक्षकाच्या हातात शिस्त असतात आणि वाईट माणसाच्या हातात आडोसा.

त्यामुळे रिव्ह्यू असो-नसो, क्लासला जाऊन पाहायचे ते हे : पालकांना कोपऱ्यात बसून तास पाहू देतात का? एक दिवस न सांगता गेलात तर चेहरे बदलतात का? मुलींच्या वर्गात महिला सहायक आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुले कुणासोबत जातात, राहतात कुठे? सर मुलांना खासगी मेसेज करतात की पालकांच्या ग्रुपवरच? तास पाहू न देण्याचे कारण 'एकाग्रता भंगते' असे दिले जाते. मुलांची एकाग्रता एवढी नाजूक असेल तर स्पर्धेतल्या गोंगाटात ती काय लढणार, असे विचारायला हरकत नाही.

सरांकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागता येतो, त्यासाठी त्यांना ऑनलाइन अर्ज करता येतो. तो नोंद झालेल्या गुन्ह्यांपुरताच बोलतो, हे लक्षात ठेवून वाचावा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, पण मराठवाड्यात एकाच नाव-आडनावाची माणसे किती, हे सांगायला नको. वडिलांचे नाव, पत्ता जुळल्याशिवाय स्क्रीनशॉट पुढे पाठवू नये.

पूर्वी तिथे शिकलेल्या दोन-तीन मुलांच्या घरी फोन करा. आता शिकणाऱ्यांच्या नव्हे, सोडून गेलेल्यांच्या. 'अभ्यास वाढला' हे उत्तर आले तर ठीक. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग 'तसे काही नाही, पण...' असे आले, तर ते वाक्य पूर्ण होऊ द्या.

प्रत्यक्ष गैरप्रकार कळला, तर ग्रुपवर टाकणे हा मार्ग नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि पीडित मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यात मनाई आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. असे प्रकरण 'मुलीचे नाव खराब होईल' म्हणून दबले, की होते एवढेच : क्लास बंद पडतो, सर दुसऱ्या वस्तीत जातात, नवा फलक लागतो, आणि नव्या नावाच्या खात्यावर तोवर एकही रिव्ह्यू नसतो.