छोट्या महाविद्यालयाची बातमी कोण लिहिणार?

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास सेंट झेविअर्सच्या ‘मल्हार’ची आणि डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’ची बातमी मुंबईच्या वृत्तपत्रांत ठळकपणे येते. पहिला महोत्सव 1979 पासून चालू आहे, दुसरा 1971 पासून. त्यांची दखल घेतली जाते यात गैर काहीच नाही. मात्र महाविद्यालयीन जीवन म्हणजे एवढेच, असा समज त्यातून घट्ट होतो आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. केंद्र सरकारच्या 2018-19 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थी असलेली महाविद्यालये देशात जेमतेम 4 टक्के होती, तर 16 टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत पुरते शंभर विद्यार्थीही नव्हते. प्रशस्त आवार, जुनी दगडी इमारत आणि प्रायोजकांच्या रांगा हा अपवाद आहे. गृहसंकुलांच्या मधोमध उभी असलेली, कधी शाळेच्याच इमारतीत भरणारी, मैदान शेजारच्या वस्तीकडून उसने घेणारी महाविद्यालये हा नियम आहे. या महाविद्यालयांत काय घडते हे बाहेर कुणाला कळत नाही, आणि अनेकदा आतल्यांनाही कळत नाही. म्हणून प्रत्येक छोट्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांनी लिहिलेले, विद्यार्थ्यांनीच संपादित केलेले एक साधे मासिक बातमीपत्र काढावे आणि ते आपल्या वस्तीपर्यंत पोहोचवावे, असे माझे म्हणणे आहे. हा हौसेचा उपक्रम मानू नये. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा जितकी आवश्यक, तितकेच हेही आवश्यक आहे.

भाईंदर पूर्वेचा इंद्रलोक परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2001 मध्ये ती पाच लाखांच्या वर गेली आणि 2011 च्या जनगणनेत 8 लाख 9 हजार भरली. 2002 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नवघर, गोडदेव, खारी या जुन्या आगरी गावांना वळसा घालत फेज एक, फेज दोन अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या इमारती वाढत गेल्या. या वाढीबरोबर महाविद्यालयेही आली. भाईंदर पूर्वेतच शंकर नारायण आणि अभिनव ही पदवी महाविद्यालये आहेत. शहराची अडचण अशी की प्रशासनाने ते ठाणे जिल्ह्यात आहे आणि रोजच्या जगण्याने पश्चिम रेल्वेवर. ठाण्याच्या पानावर त्याला कोपरा मिळतो, मुंबईच्या पानावर तोही नाही. ऑगस्ट 2022 मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. प्रश्न विचारायला प्रभागात निवडून आलेला नगरसेवक नाही आणि प्रश्न मांडायला रोजचे पान नाही, अशा स्थितीत आठ लाखांहून मोठे शहर राहिले. या शहरात लिहिता-वाचता येणाऱ्या, वस्तीतच राहणाऱ्या आणि रोज एका ठिकाणी जमणाऱ्या तरुणांचे सर्वांत मोठे गट कुठे आहेत, असे विचारले तर उत्तर एकच येते: महाविद्यालयात.

आज या महाविद्यालयांत ‘बातमी’ म्हणून काय चालते ते पाहावे. जिन्याजवळच्या काचेच्या सूचना फलकावर एटीकेटीचे अर्ज भरण्याची मुदत, त्याखाली गेल्या सत्राचे वेळापत्रक, त्याखाली अर्धवट फाटलेली रक्तदान शिबिराची सूचना. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर वर्गशिक्षकांनी पुढे पाठवलेली तीच सूचना पुन्हा एकदा. समाजमाध्यमांवर पाहुण्यांच्या सत्काराचे, शाल-श्रीफळाचे फोटो. आणि वर्षाअखेरीस वार्षिकांक. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कपत्रकात नियतकालिकाची स्वतंत्र ओळ असते. म्हणजे विद्यार्थी त्याचे पैसे भरतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ तर नियतकालिकांची स्पर्धाही घेतात आणि त्या स्पर्धांमुळे ग्रामीण महाविद्यालयांतून उत्तम अंक निघाले आहेत, हे मान्यच करायला हवे. पण वार्षिकांकाची जात वेगळी. अध्यक्षांचे मनोगत, प्राचार्यांचा संदेश, विभागांचे अहवाल, मग कविता. अंक हाती पडतो तेव्हा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी निघून गेलेले असतात. झालेल्या वर्षाची आठवण म्हणून तो चांगला, परंतु चालू वर्षात काही बदलण्याची ताकद त्याच्यात नसते.

आता बातमी म्हणजे काय ते सांगतो. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक, स्थानिक नागरिक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिच्यावर असतात, आणि वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. अंदाजपत्रक, सुविधा, वार्षिक अहवाल हे सगळे तिथे येते. या बैठकीत काय ठरले, ही बातमी आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरलेले शिष्यवृत्तीचे किती अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर तपासायचे राहिले आहेत, ही बातमी आहे. ज्या मुलीचे पुढचे शुल्क त्या रकमेवर अवलंबून आहे तिच्यासाठी तर ती पहिल्या पानाची बातमी आहे. ग्रंथालय दुपारी किती वाजता बंद होते आणि नोकरी करून येणाऱ्या मुलाला पुस्तक कधी बदलता येते, ही बातमी आहे. मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ दोन आठवडे बंद आहे, हीसुद्धा बातमी आहे. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. ती कुणी विचारत नाही, विचारली तर लिहून ठेवत नाही, म्हणून दरवर्षी नव्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि फाटकाबाहेर तर केवढी सामग्री आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात. तिथल्या पॉलिशच्या कामावर कोण असतो, कुठून येतो, त्याच्या तोंडावर मास्क असतो का, मालकाचे कच्च्या पत्र्याचे गणित कसे चालते, हे वाणिज्य शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी आठवडाभर विचारून लिहिले तर त्यांना व्यवस्थापनाच्या पुस्तकातले अर्धे प्रकरण डोळ्यांसमोर उभे दिसेल. जेसल पार्कच्या खाडीकिनारी भरतीच्या वेळी पाणी कुठवर येते, मागची मिठागरे आणि कांदळवन कुठे होते आणि आज तिथे काय आहे, हे वस्तीतल्या वृद्धांना विचारून नकाशावर मांडता येईल. शहराचा कचरा उत्तनला जातो आणि तिथले कोळी व शेतकरी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध तक्रार करत आले आहेत. इंद्रलोकमधल्या आपल्या इमारतीच्या डब्यापासून उत्तनच्या डोंगरापर्यंत त्या पिशवीचा प्रवास कसा होतो, हे एका मुलीने नीट लिहिले तर शंभर घोषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक. अशा कामासाठी छोटे महाविद्यालय मोठ्यापेक्षा सोयीचे आहे. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. चुकीचा आकडा छापला तर दुसऱ्या दिवशी जिन्यातच कुणीतरी अडवून विचारतो. बातमीदाराला याहून चांगली शिस्त दुसरी नाही.

हे सारे नवे वाटत असेल तर जरा मागे जावे. 1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी त्यातलेच. निबंध वाचायला जमलेल्या या मुलांनी मराठी आणि गुजराती अशा ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतःच्या कामाच्या वेळेआधी, सकाळी, विनावेतन शिकवले. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वातही नव्हते. ते 1857 चे. विद्यार्थ्यांचे लिहिणे महाविद्यालयाच्या भिंतीत अडकून न राहता शहराच्या कामाला लागले, याचा याहून जवळचा दाखला शोधायला नको. आजच्या काळातलाही एक दाखला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरमध्ये 2009 साली शहराचे दैनिक बंद पडले आणि विद्यार्थ्यांचे ‘मिशिगन डेली’ हेच तिथले छापील दैनिक उरले. नगर परिषदेच्या बैठकांना विद्यार्थी वार्ताहर जाऊ लागले. ते विद्यापीठ अवाढव्य आणि श्रीमंत आहे, इंद्रलोकशी त्याची बरोबरी नाही. पण पालिकेच्या बैठकीत वही घेऊन बसायला श्रीमंती लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप प्राचार्यांचा आणि संस्थाचालकांचा असेल: मुलांच्या हाती पान दिले की राजकारण घुसेल, संस्थेची बदनामी होईल. ही भीती पोकळ नाही. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुकांतल्या गुंडगिरीने सगळे हादरले. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. 2016 च्या कायद्याने निवडणुकांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, पण 2019 मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि मग करोना आला. या साऱ्या काळात राजकारण महाविद्यालयातून गेले का? नाही. ते फाटकावरच्या फलकांतून, वाढदिवसाच्या शुभेच्छांतून आणि दहीहंडीच्या टी-शर्टवरून आत येतच राहिले. बंद झाले ते विद्यार्थ्यांचे अधिकृत बोलणे. ज्याला नाव लिहून, पुराव्यासह, दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेऊन प्रश्न मांडण्याची जागा नसते, तो निनावी संदेश पाठवतो. संस्थेची बदनामी बहुतेक वेळा अशा निनावी संदेशांतूनच होते. त्यामुळे नियम कडक असावेत, हे मला मान्य आहे. प्रत्येक मजकुराखाली नाव हवे, ज्याच्याविषयी लिहिले त्याचे उत्तर त्याच अंकात हवे, चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती हवी, कुणाच्या खासगी आयुष्याला हात नको. संपादनात एक शिक्षक असावा. त्याने तथ्य तपासावे. मजकूर अप्रिय आहे एवढ्या कारणावरून तो अडवण्याचा अधिकार मात्र त्याला नसावा. हा एक मुद्दा सोडला तर बाकीच्यांवर तडजोड करता येईल.

इन्स्टाग्राम असताना कागद कशाला, असेही विचारले जाईल. माध्यम कोणतेही चालेल. फरक जबाबदारीचा आहे. चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या चित्रफितीला मागचा अंक नसतो, आणि मागचा अंक नसला की दिलेले आश्वासन पाळले की नाही हे तपासता येत नाही. दोन पानांची छायाप्रत फलकावर, तिचीच पीडीएफ मोबाइलवर आणि एक प्रत ग्रंथालयात, एवढे पुरे.

वेळेचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. विनाअनुदानित तुकड्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, सकाळी व्याख्यान आणि दुपारी दुकानात किंवा कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारे विद्यार्थी, हे इथले वास्तव आहे. त्यांच्यावर आणखी एक बिनपगारी काम लादणे अन्यायाचे ठरेल. पण लादण्याची गरजच नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बदललेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभाग यांना श्रेयांक आहेत. 1969 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यायचे असतात. हे तास आज अनेक ठिकाणी फेरी, शपथ आणि फोटो यांत भरून काढले जातात. तेच तास पॉलिशच्या गाळ्यात, पालिकेच्या सभागृहात किंवा जेसल पार्कच्या किनाऱ्यावर घालवले आणि त्याचे लिखाण मूल्यमापनासाठी धरले, तर कुणाचाही वेळ वाढत नाही आणि श्रेयांकांना अर्थ येतो. खर्च म्हणाल तर नियतकालिकाच्या शुल्काची ओळ शुल्कपत्रकात आहेच.

भाषेचा प्रश्न या शहरात टाळून चालणार नाही. जुलै 2025 मध्ये मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी जनांचा मोर्चा निघाला, साऱ्या देशाने तो पाहिला. इंद्रलोकच्या एका वर्गात आगरी, मालवणी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. माझे मत स्पष्ट आहे: बातमीपत्राचा कणा मराठी असावा. इथल्या पालिकेचा कारभार मराठीत चालतो, आणि तो वाचता-लिहिता आला नाही तर नागरिक म्हणून इथे उभे राहता येत नाही. ज्याला मराठी अजून जमत नाही त्याने आपल्या भाषेत लिहावे, शेजारच्याने त्याचे मराठी करावे, दोघांचीही नावे छापावीत. मराठी आणि गुजराती शाखा एका संस्थेत नांदवण्याचे काम मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये करून दाखवले आहे. मोर्चाने भाषेचा मान मागता येतो. ती रोजच्या वापरात यायची तर एकत्र बसून मजकूर लिहिण्यासारखी कामे लागतात.

भाईंदरच्या प्राचार्यांना विनंती आहे की येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्याच महिन्यात पहिला अंक निघू द्यावा आणि त्यात महाविद्यालय विकास समितीच्या शेवटच्या बैठकीचे निर्णय छापू द्यावेत. आणि इंद्रलोकच्या रहिवाशांना विनंती आहे की सोसायटीच्या फलकावर त्या दोन पानांना जागा द्यावी. एखादी विद्यार्थिनी वही घेऊन कचऱ्याविषयी किंवा पाण्याविषयी विचारायला कार्यालयात आली, तर तिला खुर्ची द्यावी आणि खरे उत्तर द्यावे.