कागद स्वच्छ, इंजिनात गाळ: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,


मी साताऱ्यात राहणारा पगारदार माणूस. सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून मी मोटार घेतली. आरसी, विमा, पीयूसी सगळे वैध होते आणि आपल्या ‘वाहन’ प्रणालीतली नोंदही स्वच्छ होती. ‘सहा महिने बॉनेट उघडावे लागणार नाही,’ असा शब्द विक्रेत्याने दिला. पहिल्याच महिन्यात खंबाटकी घाट चढताना इंजिन तापले आणि गाडी बंद पडली. मिस्त्रीने सीट काढल्या तेव्हा मॅटखाली वाळलेला गाळ निघाला. वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता. गाडी पुरात बुडालेली होती. विक्रेता आता म्हणतो, ‘जशी आहे तशी घेतली, कागदावर सही तुमचीच आहे.’

त्या विक्रेत्याशी मी ग्राहक आयोगात भांडेन. आपल्याला लिहितो आहे, कारण जी नोंद पाहून मी पैसे मोजले ती आपल्या खात्याची होती.

सांगलीला पूर नवा नाही. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांवर गेली. घरांपुढे आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचा ‘टोटल लॉस’ ठरला की विमा कंपनी भरपाई देते आणि गाडी लिलावात जाते. तिथून ती धुऊन-पुसून, जुन्याच नंबरावर पुन्हा बाजारात येऊ शकते. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते. या तीन पुरांनंतर सांगली, कराड आणि साताऱ्यात किती नोंदण्या रद्द झाल्या? तो आकडा आपल्याच दप्तरात आहे. तो आम्हाला का सांगितला जात नाही?

22 डिसेंबर 2022 रोजी केंद्राने जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम काढले. 1 एप्रिल 2023 पासून ते लागू झाले. विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात आल्याची सूचना द्यायची, ती विकेपर्यंत मालकाची जबाबदारी त्याची. या बाजारात पारदर्शकता येईल, असे तेव्हा आम्हाला सांगण्यात आले. मग सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत असे अधिकारपत्र किती जणांकडे आहे? ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यावर काय कारवाई झाली? गाडी बघायला निघालेल्या माणसाने ही यादी कुठे पाहायची?

दुसरी गोष्ट आपणही जाणता. हे नियम गाडी कोणाच्या नावावर आहे ते पाहतात. तिचे इंजिन कसे आहे, ती पाण्यात बुडाली होती का, मीटर मागे फिरवला आहे का, हे खरेदीदाराला लेखी सांगण्याची सक्ती त्यांत नाही. अमेरिकेत 1985 पासून विक्रेत्याला जुन्या गाडीच्या काचेवर माहितीपत्रक लावावे लागते. वॉरंटी आहे की नाही, हे त्यावर छापलेले असते. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने सदोष माल 30 दिवसांत परत करता येतो, जुनी मोटारही त्यात येते. आपल्याकडे नोंदणीकृत विक्रेत्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के जीएसटी आकारला जातो. कर घेताना हा व्यवहार सरकारला स्पष्ट दिसतो. मग खरेदीदाराची फसवणूक त्याच्या नजरेतून का सुटते?

‘ग्राहक आयोगाकडे जा,’ असे आपले कार्यालय सांगेल. जाणारच आहे. 2019 च्या कायद्याने पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा असतो. पण दोष विक्रेत्याला ठाऊक होता, हे मी सिद्ध कसे करू? विमा दाव्याची नोंद कंपनीकडे आहे, लिलावाचा कागद लिलावात गाडी घेणाऱ्याकडे आहे, आणि माझ्या हाती फक्त मिस्त्रीचे बिल आहे.

म्हणून चार मागण्या करतो. अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यांची जिल्हावार यादी जाहीर करा आणि प्रत्येक दुकानाबाहेर अधिकारपत्राचा क्रमांक लावायला लावा. पुरात वा अपघातात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाडीची खूण ‘वाहन’वर कोणालाही दिसेल अशी करा. इंजिन, मीटर आणि पुराच्या इतिहासाचे सहीनिशी निवेदन विक्रेत्यावर बंधनकारक व्हावे, अशी शिफारस राज्यातर्फे केंद्राकडे पाठवा. आणि कलम 55 खाली आजवर काय झाले, ते लेखी सांगा.

यांपैकी कोणती गोष्ट आपण कधीपर्यंत करणार, आणि जी करणार नाही ती का, हे तारखेसह कळवावे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे उत्तर मला नको आहे. पुढच्या पावसाळ्यात कृष्णेला पुन्हा पूर आला, तर बुडालेल्या गाड्या पुन्हा आमच्याच गळ्यात मारल्या जातील. ते थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तो आपण वापरावा.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक