रस्ता चौपदरी, पादचारी बेवारस

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव वसले आहे. महसुली दप्तरात ते पैठण तालुक्यातील एक खेडे. व्यवहारात मात्र रस्त्यालगतच्या कारखानदारीने त्याचे केव्हाच उपनगर केले. व्हिडिओकॉनच्या येथील कारखान्याचा छापील पत्ताच मुळी ‘पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड’ असा असे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली. भांडवल येते, बुडते, हात बदलते. त्याच्या ओढीने आलेली श्रमिकांची वस्ती मात्र मागे राहते. कारखान्यापासून शहराचे अंतर दगडावर कोरले गेले. कामगाराच्या दारापासून बसथांब्याचे अंतर कोणी मोजायचे?

नियोजनकारांचे उत्तर तयार असते. नकाशावर थांब्याभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढावे आणि आतील सर्व वस्तीस बससेवा लाभली असे जाहीर करावे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या स्थानकाभोवतीच्या विकासविषयक धोरणातही ५०० ते ८०० मीटर हे चालण्याजोगे अंतर मानले आहे. परंतु वर्तुळाची त्रिज्या कुंपणभिंत ओलांडते, नाला ओलांडते, दुभाजकही ओलांडते. माणसाला वळसा घालावा लागतो. थांबा समोर दिसत असला आणि दुभाजकातील मोकळी जागा ४०० मीटरवर असली, तर जाण्यायेण्याचे ८०० मीटर वाढतात. सेकंदाला १.२ मीटर या सर्वसाधारण गतीने ही अकरा मिनिटे झाली. पाळी चुकण्यास एवढी मिनिटे पुरेशी असतात. मग कामगार दुभाजकावर चढतो आणि व्यवस्था त्यालाच बेशिस्त ठरवते!

या बेशिस्तीचे गणितही तपासावे. चौपदरी रस्त्याची एक बाजू सात मीटरची धरली, तर ती ओलांडण्यास सहा सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्यात सुमारे १३० मीटर पुढे येते. काळोखात, हातात डबा आणि कडेवर मूल असताना हा अंदाज बांधायचा! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. ज्यांनी कोणतेही इंजिन चालविले नाही, त्यांच्या वाट्याला एवढे मरण यावे, हे दैव खचित नव्हे.

रस्त्यावर खर्च कोणासाठी होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेरील कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक माणसे कामावर पायी जात होती; मोटारीने जाणारे शंभरांत तीनच्या आसपास होते. तरीही रुंदीकरण म्हटले की कंटेनर आणि मोटार एवढेच डोळ्यांपुढे येते. कामगार वेळेवर फाटकाशी हजर होतो, तो त्याच्या पायांच्या, झोपेच्या आणि खिशाच्या बळावर. ही हजेरी मालकाला फुकट मिळते. आता सर्वांकडे दुचाकी आहे, पदपथ कशाला, असे म्हणणाऱ्यांनी त्या दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल वेतनातून वजा करून पाहावे. चालण्याची सोय नसल्याने घ्यावी लागलेली दुचाकी ही समृद्धीची खूण नसून छुपी वेतनकपात आहे.

राज्य शासनाने १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट दिले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु जी स्त्री अंधारामुळे थांब्यापर्यंत पोहोचू शकत नाही, तिला या सवलतीचा उपयोग काय? गाडीतील सवलत आणि गाडीपर्यंतची वाट यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

येथे जबाबदारीची फाटाफूट सुरू होते. महामार्गाचे खाते वाहनांची गती पाहते, औद्योगिक विकास महामंडळ भूखंड पाहते, एसटी फेऱ्यांचे उत्पन्न पाहते. उरलेला माणूस ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या तिजोरीवर सोपविला जातो. वास्तविक नियमांची वाण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पदपथाचा वापर हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. हक्क मान्य झाला, तरी तो सिमेंटात उतरविण्यास संघटित दबावच लागतो.

तो दबाव चितेगावातच उभा राहू शकतो. कामगार संघटना आणि ग्रामसभा यांनी पाळी सुटण्याच्या वेळी दारापासून थांब्यापर्यंत प्रत्यक्ष चालून मिनिटे मोजावीत; दिवे, वळसे, ओलांडण्याच्या जागा, दोन्ही बाजूंचे थांबे आणि त्यांवरील छप्पर यांची वस्तीवार नोंद करावी. ही नोंद ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी आणि या खर्चात कारखानदारांचा वाटा मागावा. पुढे बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेची वसाहत वाढते आहे. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी करार केला आहे. नवी गुंतवणूक नव्या पाळ्या आणील, नवी वर्दळ आणील. तिच्या स्वागताची कमान उभारण्यापूर्वी पायी येणाऱ्या श्रमिकाची वाट बांधली गेली पाहिजे. हजारो कोटींच्या करारात हे काही मीटर सामावत नसतील, तर त्या विकासातून श्रमिकाला वगळले आहे, असेच म्हणावे लागेल.