बेंथम ‘डार्विनपूर्व’ कसे?

सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाविषयी लिहिताना जॉर्ज बेंथम (१८००–१८८४) यांच्यावर ‘डार्विनपूर्व’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची आळशी रीत पडली आहे. कालक्रमच तिच्याविरुद्ध साक्ष देतो. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत बेंथम वनस्पतींच्या जाती स्थिर असतात अशा आशयाचा निबंध वाचणार होते. त्याच बैठकीत डार्विन व वॉलेस यांचे लेखन वाचले गेले आणि बेंथम यांनी आपला निबंध मागे घेतला. (आपल्याकडे किती विद्वानांनी असा कागद मुकाट्याने परत खिशात घातला असता?) ‘जेनेरा प्लांटारम’ त्यानंतरचा, १८६२ ते १८८३ मधला, आणि सहलेखक जोसेफ हूकर तर डार्विनचे जिवलग मित्र.

ग्रंथाची मांडणी उत्क्रांतीच्या क्रमाने नाही, अनावृतबीजी वनस्पती द्विदल व एकदल यांच्यामध्ये अडकल्या आहेत, हे खरेच. परंतु प्रजातींची वर्णने जुन्या पुस्तकांतून उतरवलेली नाहीत. बव्हंशी क्यू येथील वाळवलेले नमुने समोर ठेवून, फुलाचा भाग न भाग तपासून ती लिहिली आहेत. १९९८ नंतर डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणाने कुळांची फेरमांडणी केली. त्या निरीक्षणांचे मोल त्यामुळे घटत नाही. विद्यार्थ्यांकडून मात्र आपण दोषांची यादी तेवढी घोकून घेतो.