रिपोर्ट कधी मिळणार?

“तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट आला की बघू.” मानेवर गाठ आलेल्या, जिभेच्या कडेला बरा न होणारा चट्टा असलेल्या माणसाला आपल्या रुग्णालयांत एवढंच ऐकवून घरी पाठवतात. रिपोर्ट कोणत्या दिवशी येणार, तो कोण सांगणार आणि ‘बघू’ म्हणजे पुढे नेमकं काय, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. माणूस हेच वाक्य मनात घोळवत घरी जातो आणि पुढचे काही दिवस त्याला दुसरं काही सुचत नाही.

तपासणीला वेळ लागतो, हे आधी मान्य करायला हवं. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात. तो नीट मुरायला कित्येक तास जातात. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचा, मेणात बसवायचा. मेणाच्या त्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवायचे. एवढं झाल्यावर पॅथॉलॉजिस्टचं काम सुरू होतं. तुकडा हाडाचा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढून टाकावं लागतं, त्यात आणखी दिवस जातात. रंगवलेल्या कापावरून उलगडा झाला नाही तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते. ऑपरेशन चालू असतानाच ‘फ्रोझन सेक्शन’ करून अर्ध्या तासात उत्तर देता येतं, पण ते सर्जनने पुढे काय करायचं एवढं ठरवण्यापुरतं. पक्का निर्णय नंतरच्या रिपोर्टवरच होतो. घाईने दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा चार दिवस उशिराचं बरोबर उत्तर केव्हाही परवडलं. तेव्हा तक्रार या दिवसांबद्दल नाही.

तक्रार आहे ती हे दिवस पेशंटपासून लपून राहतात, याबद्दल. कोणत्या तपासणीला साधारण किती वेळ लागतो, हे प्रयोगशाळेला ठाऊक असतं. वैद्यकीय प्रयोगशाळांना मान्यता ज्या आयएसओ 15189 मानकानुसार मिळते, त्यात प्रत्येक तपासणीचा कालावधी ठरवून त्यावर लक्ष ठेवणं अपेक्षितच आहे. म्हणजे तारीख असते; फक्त ती ज्याच्या शरीरातला तुकडा आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. विचारलं तर “फोन करून बघा”, आणि फोन केला तर “अजून आला नाही”.

तारीख कळली की वाट पाहणं सुसह्य होतं, याचा दाखला क्षयरोगाच्या तपासणीत मिळतो. सीबीनॅट यंत्रावर थुंकीचा नमुना सुमारे 2 तासांत तपासून होतो. तोच नमुना कल्चरला लावला तर उत्तराला 6 ते 8 आठवडेही लागू शकतात, कारण हा जंतूच अतिशय सावकाश वाढतो. “जंतू हळू वाढतो, दोन महिने धरून चाला” असं ज्याला नीट सांगितलं, तो दोन महिने कामधंदा करत काढतो. ज्याला काहीच सांगितलं नाही, तो तिसऱ्या दिवसापासून रुग्णालयाच्या खिडकीशी उभा असतो.

या खिडकीची किंमत गरिबाला जास्त पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट घेऊन माणसं परळच्या टाटा रुग्णालयात येतात, तेव्हा स्लाइड आणि ब्लॉकही बरोबर आणावे लागतात, कारण तिथे ते पुन्हा तपासले जातात. म्हणजे एक प्रतीक्षा संपवून आलेला माणूस दुसऱ्या प्रतीक्षेत शिरतो, तीही परक्या शहरात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ आहेच. रिपोर्ट सोमवारी की शुक्रवारी, एवढं कळलं तरी या कुटुंबाला गावी जाऊन यायचं की इथेच थांबायचं, हे ठरवता येईल. उपचार सुरू झाले की सरकारी योजनेचा आधार मिळू शकतो. निदानाआधीच्या फुकट फेऱ्यांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी मात्र ज्याची त्याला सोसावी लागते.

रिपोर्ट येतो तेव्हाही तो अनेकदा धड येत नाही. रात्री साडेनऊला मुलाच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पडते. ती डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेली असते. मुलगा एकेक शब्द गुगलवर टाकत पहाटेपर्यंत जागतो आणि सकाळी आईला म्हणतो, “अजून आला नाही.” घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं, फक्त पेशंटला नाही. पेशंटही खुळा नसतो. घरातले अचानक फार गोड बोलू लागले की तो काय समजायचं ते समजतो. यात मुलाची चूक नाही. ही बातमी समोर बसवून, समजेल अशा भाषेत सांगणं हे डॉक्टरचं काम होतं, ते एका पीडीएफवर ढकललं गेलं. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि आपल्या आजाराचं स्वरूप जाणून घेण्याचा हक्क तिच्यात आहे. सनद भिंतीवर असते आणि खाली पेशंट दाराकडे डोळे लावून बसलेला असतो.

ब्रिटनच्या एनएचएसने कॅन्सरच्या संशयावरून तातडीने तपासणीला पाठवलेल्या रुग्णांसाठी 28 दिवसांचं मानक ठरवलं आहे. त्यात तपासणी झाल्याचा दिवस मोजत नाहीत. कॅन्सर आहे किंवा नाही, हे रुग्णाला सांगितल्याचा दिवस मोजतात. तिथेही सगळ्यांना या मुदतीत उत्तर मिळतं असं नाही. पण ‘नाही’ हेही वेळेत सांगायचं उत्तर आहे, हे त्या मानकाने मान्य केलं आहे. आपल्याकडे चांगली बातमी तर सर्वांत निवांतपणे पोहोचवली जाते, कारण तिच्यामागे कोणतंही ऑपरेशन ठरवायचं नसतं.

मुदतीची कल्पना आपल्याला नवी नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना आणि परवान्यांना मुदत घातली. अर्जाच्या पोचपावतीवर ती लिहिलेली असते, चुकली तर अपील करता येतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जो हिशेब आपण सरकारकडे मागतो, तो जिवाच्या प्रश्नावर मागायला संकोच कशाचा?

डॉक्टरांवर कामाचा डोंगर आहे, पॅथॉलॉजिस्ट कमी आहेत, हे सगळं खरं. पण इथे नवं यंत्र लागत नाही, नवी भरती लागत नाही. तुकडा घेतानाच पेशंटच्या हातात एक चिठ्ठी द्यावी: रिपोर्ट अंदाजे अमुक तारखेला, सांगणार अमुक डॉक्टर, तोवर या नंबरवर फोन करा. जादा तपासण्या लागल्या आणि तारीख पुढे गेली, तर रुग्णालयानेच फोन करून कारण सांगावं. आरोग्य विभागाने सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना ही चिठ्ठी सक्तीची करावी. आणि तसा आदेश निघेपर्यंत वाचकांनी एक करावं. स्वतःसाठी असो की आईवडिलांसाठी, तुकडा दिल्यावर तारीख, डॉक्टरचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नये.