डझनाच्या भावातली लढाई

लहानपणी ज्याने दिवाळीत किल्ला केला आहे, त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. बाजारातून आणलेले डझनभर मावळे एकाच साच्यातून निघालेले असतात. बुरुजावर ठेवला की तो पहारेकरी, दरवाजाशी ठेवला की तोच हवालदार, आणि गडी कमी पडले तर पायथ्याशी उभा करून तोच गनीम! यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण खेळणाऱ्याला साचा ठाऊक असतो. परंतु हाच प्रकार मोठ्या माणसांच्या गळ्यात इतिहास म्हणून बांधला जातो तेव्हा काय होते, ते मी गेल्या दिवाळीत पाहिले.

झाले असे की, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला दुसऱ्या महायुद्धावरच्या माहितीपटांचा एक संच मिळाला. १२ तबकड्या, ६० तास, आणि किंमत अवघी १५० रुपये. तबकड्यांचा जमाना आता सरत आला आहे हे मलाही कळते. पण स्वस्त वस्तू दिसली की आमचा हात खिशाकडे जातो, त्याला इलाज नाही. शिवाय या वेळी एक कारणही होते. माझी ८५ वर्षांची आत्या दिवाळीला यायची होती.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आत्या तीन वर्षांची असताना ते रजेवरून परत गेले आणि इटलीतच राहिले. घरात त्यांचा एक फोटो आहे आणि पलटणीतल्या कोणाकडून लिहून घेतलेली चार पत्रे आहेत. संचात 'इटलीची लढाई' या नावाची तबकडी होती. म्हटले, आत्याला दाखवावी.

तबकडी लावली. निवेदक खर्जात सांगू लागला, "१९४४. इटलीतील आघाडी." पडद्यावर फेटेवाले शिपाई चालत गेले. मी मोठ्या अभिमानाने आत्याकडे पाहिले. ती चष्मा सावरून म्हणाली, "अरे, ही वाळू कुठली? आबांच्या पत्रात तर गुडघाभर चिखल आहे!"

मी गप्प झालो. रात्री सगळे निजल्यावर संचातली आफ्रिकेची तबकडी काढून पाहिली. तेच शिपाई, तीच वाळू, आणि फितीवर उजव्या कोपऱ्यात तोच उभा ओरखडा. साचा सापडला होता.

तेव्हापासून या स्वस्त लढायांची पारख करण्याचा मला छंदच जडला आहे. त्यातले चार अनुभवाचे बोल वाचकांच्या पदरात घालतो.

प्रथम, हा माल स्वस्त का, हे समजून घ्यावे. अमेरिकेत सरकारी नोकरांनी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर तिथे स्वामित्वहक्क नसतो. फ्रँक काप्राने लष्करासाठी १९४२ ते १९४५ या काळात केलेली 'व्हाय वुई फाइट' ही सात चित्रपटांची माला, जॉन फोर्डचा 'द बॅटल ऑफ मिडवे', विल्यम वायलरचा 'द मेम्फिस बेल' ही सारी अशी मोकळी मालमत्ता. कोणीही उचलावे आणि छापावे. यात गैर काही नाही. चांगली कृती १५० रुपयांत मिळाली तर आनंदच आहे. पण त्यामुळे एक होते: फुकट मिळणारी फीत बहुतांशी अमेरिकन, म्हणून स्वस्त संचातले युद्धही बहुतांशी अमेरिकन. १९४५ साली हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांचे होते. पण माझ्या १२ तबकड्यांत त्यांच्या वाट्याला आली ती तेवढी वाळू.

आता पारख. पहिली परीक्षा त्रैराशिकाची. साध्या एकपदरी डीव्हीडीत दोनेक तासांचे चित्र सुखाने मावते. ६० तासांना १२ तबकड्यांनी भागा. एकेकीत पाच तास! मग धुराचा लोट उठला की त्याच्या चौकोनी ठिकऱ्या दिसणारच. दुसरी परीक्षा चाकाची. जुने चित्र जवळजवळ चौकोनी असे. आजच्या रुंद पडद्यासाठी ते ताणले की मालमोटारीचे चाक अंड्यासारखे होते. उलट काही जण ताणत नाहीत, वरून-खालून कापतात. 'द वर्ल्ड ॲट वॉर' या १९७३-७४ सालच्या नावाजलेल्या २६ भागांच्या मालिकेचीही २०१० सालच्या आवृत्तीत अशीच छाटणी झाली. तेव्हा महाग माल म्हणजे निर्दोष माल, असेही समजू नये.

तिसरी परीक्षा कानाची. रणांगणावरचे कॅमेरे बहुधा मुके असत. तोफेचा गडगडाट मागाहून खोलीत बसून भरलेला असतो. एकच शिट्टी आणि एकच धडाका दर तबकडीत ऐकू येऊ लागला, की आवाज खुशाल बंद करावा. चित्र अधिक खरे दिसते.

चौथी परीक्षा सर्वांत मोलाची: कॅमेरा कुठे उभा होता? शिपाई चाल करून येत आहेत आणि त्यांचे चेहरे समोरून स्वच्छ दिसताहेत, तर चित्र घेणारा शत्रूच्या बाजूला काय करीत होता? पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची म्हणून दाखवतात त्यांतली कित्येक दृश्ये १९४३ सालच्या 'डिसेंबर सेव्हन्थ' या चित्रपटासाठी मागाहून उभी केलेली आहेत. १९१६ च्या 'द बॅटल ऑफ द सोम'मध्ये खंदकातून वर चढणारे शिपाई जगाने पाहिले, ते दृश्यही रचलेले. बरे, चित्र हलते म्हणून ते खरे, असेही नाही. फोर्ड मिडवे बेटावर स्वतः जखमी झाला, तिथे स्फोटाने फीत खरोखर हादरली. पण जॉन ह्यूस्टनच्या 'सान पिएत्रो'तही कॅमेरा हादरतो, आणि त्यातली बरीचशी लढाई नंतर पुन्हा करवून घेतलेली आहे.

म्हणून शेवटी एकच विचारावे. हे चित्र कुठले, केव्हाचे, आणि कोणी घेतले? चांगला संच मूळ चित्रपटाचे नाव आणि साल वेष्टनावर छापतो, आणि तो चित्रपट अखंड देतो. वाईट संच नुसते 'दुर्मिळ दृश्ये' म्हणतो. पुसट पण खरे चित्र घ्यावे; लखलखीत पण अनाथ चित्र सोडावे.

इटलीत मराठा पलटणींच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तर त्याच लढाईत पडले. अशा माणसांच्या नावावर दुसऱ्याच कुठली वाळू खपवणे हा नुसता व्यापारी निष्काळजीपणा नव्हे.

पुढे माझ्या भाच्याने इंटरनेटवरच्या एका संग्रहातून इटलीतला चार मिनिटांचा तुकडा शोधून दिला. आवाज नाही, कडा पुसट. पण सोबत चित्र घेणाऱ्याने त्या वेळी लिहिलेली टिपणाची यादी होती: तारीख, गाव, तुकडी. ओझ्याने वाकलेली खेचरे आणि त्यांच्यामागे काही आपली माणसे पाय उपसत चढ चढत होती. चेहरे ओळखण्याजोगे नव्हते. तुकडीही आबांची नव्हती, हे मी आत्याला आधीच सांगून टाकले.

तिने तो तुकडा तीनदा पाहिला. मग म्हणाली, "असू दे. चिखल मात्र खरा आहे."

तो १२ तबकड्यांचा डबा या दिवाळीत नातवांना दिला आहे. किल्ल्यामागे तबकड्या उभ्या केल्या की पणतीचा उजेड छान परततो.