पेन्सिलची घाई कशाला?

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की दवाखान्यात एका ठरावीक पोटदुखीचे रुग्ण येऊ लागतात. वय साडेतीन ते पाच. दुखणे सकाळी आठला सुरू होते, दहाला थांबते आणि रविवारी सुट्टी घेते. जंत, बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग यांची शहानिशा करावीच लागते. पण पुष्कळदा त्यात काहीच निघत नाही. मग मी आईला विचारतो, "बालवाडीत काय काय करून घेतात?" उत्तर साधारण असे येते, "एबीसीडी झाली, डॉक्टर. आता शंभरपर्यंत अंक लिहायला दिलेत. पण हा हातात पेन्सिलच धरत नाही."

हा आळस नव्हे. त्या मुलाचा हात अजून तयार व्हायचा आहे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. चौथ्या वर्षी त्यांतली साधारण तीन-चारच दिसू लागतात, तर शेवटचे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. प्रश्न केवळ हाडांचाही नाही. खांदा, कोपर, बोटे आणि नजर यांचा मेळ बसावा लागतो. अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिल नीट धरण्याची पकड बहुतेक मुलांत चार ते सहा या वर्षांत येते. ती पकड कणीक मळून, मणी ओवून, शेंगा सोलून, मातीत खेळून आणि झाडाला लोंबकळून येते. गिरवून घेतल्याने ती लवकर येत नाही.

हे ओळखून चालणारी एक पद्धत जर्मनीत आहे. श्टुटगार्ट येथे १९१९ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे या विचाराच्या बालवाड्या निघाल्या. तेथे मुले पाव मळतात, बागेत काम करतात, गाणी म्हणतात, गोष्ट ऐकतात आणि मनसोक्त खेळतात. अक्षरे शिकवायला सुरुवात सहा-सात वर्षांनंतर होते. आज मुंबई, पुणे, हैदराबाद येथेही अशा शाळा आहेत.

"मग आमचे मूल मागे नाही का पडणार?" ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुले आणि स्टायनर शाळांत सातव्या वर्षी शिकलेली मुले यांची तुलना झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता.

मात्र डॉक्टर म्हणून एक इशारा देतो. काही देशांत या शाळांच्या पालकवर्गात लसीकरणाविषयी नाखुशी दिसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात २०१८ साली अशाच एका शाळेत ३६ मुलांना कांजिण्या झाल्या. तेथील १५२ पैकी ११० मुलांनी कांजिण्यांची लसच घेतलेली नव्हती. खेळ घ्यावा, हा हट्ट घेऊ नये. लसी वेळेवर टोचल्याच पाहिजेत.

दुसरे असे, की खेळाच्या शाळेसाठी भरमसाट फी आणि परदेशी लाकडी खेळणी लागतात हा गैरसमज आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि त्यांच्यासह अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडला हेच काम शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती घेऊन केले. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथलीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीआधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची मानली आहेत. आपल्या घरचे धोरण आपण ठेवलेले मागे पडले आहे, एवढेच!

तेव्हा पालकांनी बालवाडी निवडताना इमारतीचा रंग पाहू नये. मोकळे अंगण आहे का, मुलाला एकट्याने जाता येईल असे स्वच्छ शौचालय आहे का, घरचा अभ्यास देतात का, हे विचारावे. लेखी गृहपाठ मिळत असेल तर बाईंशी नम्रपणे बोलावे. चार-पाच पालक मिळून गेले तर त्यांनाही मुख्याध्यापकांपुढे बोलायला बळ येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी तीन तास तरी हालचाल व्हावी, दहा ते तेरा तास झोप व्हावी आणि टीव्ही-मोबाइल एका तासाच्या वर जाऊ नये.

पण 'खेळू दे, येईल हळूहळू' म्हणून सगळेच सोडूनही देऊ नये. तीन वर्षांचे मूल छोटी वाक्ये बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, इतर मुलांत मिसळत नसेल, किंवा सहा उलटूनही त्याला गुंडी लावता येत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. बाकीच्या मुलांना आज संध्याकाळी वही मिटून शेंगा सोलायला बसवा. पेन्सिलसाठी हात तिथेच तयार होतो.